कुकीज: कोणत्या ठेवायच्या, कोणत्या अडवायच्या आणि ते सेटिंग कुठे असतं

मोबाइलवर एखादं नवं संकेतस्थळ उघडलं की मजकूर दिसायच्या आधीच खालून एक पट्टी वर येते. ‘आम्ही कुकीज वापरतो’ असं काहीतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि शेजारी मोठ्या रंगीत बटणावर ‘अ‍ॅक्सेप्ट ऑल’. बहुतेक जण ते न वाचता दाबतात, कारण बातमी वाचायची असते, वीजबिल भरायचं असतं, मुलाचा निकाल बघायचा असतो. काही जण अगदी उलट वागतात. कुकीज धोकादायक असतात असं कुठेतरी ऐकलेलं असतं, म्हणून दर आठ-पंधरा दिवसांनी ते सगळं पुसून टाकतात आणि मग प्रत्येक ठिकाणी पासवर्ड आणि ओटीपीच्या मागे लागतात.

या दोन्हींची गरज नाही. ज्या संकेतस्थळावर आपण स्वतः जातो त्याच्या कुकीज राहू द्याव्यात, परक्यांच्या कुकीज कायमच्या अडवाव्यात, आणि काही बिघडलं तर सगळं न पुसता फक्त त्या एका संकेतस्थळाचा साठा पुसावा. एवढं करायला एक निवांत दुपार पुरते. पण आधी कुकी म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, नाहीतर सेटिंगमधले पर्याय वाचताना गोंधळ उडतो.

कुकी आली कुठून आणि ती करते काय

ब्राउझर (क्रोम, सफारीसारखं संकेतस्थळं उघडायचं अ‍ॅप) आणि सर्व्हर (संकेतस्थळाकडचा पानं पुरवणारा संगणक) यांच्यातला संवाद एचटीटीपी या पद्धतीने चालतो आणि या पद्धतीला स्मरणशक्ती नाही. तुम्ही एका पानावर साडी निवडलीत आणि पुढच्या पानावर गेलात, की सर्व्हरच्या लेखी पुढचं पान मागणारा माणूस नवाच. १९९४ साली अमेरिकेत नेटस्केप कंपनीपुढे हीच अडचण उभी राहिली. एमसीआय या दूरसंचार कंपनीसाठी ऑनलाइन दुकान तयार करायचं होतं, पण ग्राहकाच्या अर्धवट खरेदीच्या नोंदी आपल्या सर्व्हरवर ठेवायला एमसीआय तयार नव्हती. नेटस्केपमधल्या लू मोंटुली या तरुण अभियंत्याने तोडगा काढला: नोंद ग्राहकाच्या ब्राउझरकडेच ठेवायला द्यायची आणि पुढच्या वेळी ब्राउझरनेच ती परत दाखवायची. त्याच वर्षी नेटस्केपच्या ब्राउझरमध्ये कुकी आली आणि पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररनेही ती उचलली. आपल्या संगणकावर असं काही साठवलं जातंय हे सर्वसामान्य लोकांना कळलं ते १९९६ च्या फेब्रुवारीत, ‘फायनान्शियल टाइम्स’ने त्यावर लिहिलं तेव्हा.

म्हणजे कुकी हा प्रोग्रॅम नाही, व्हायरसही नाही. ती फार तर चार किलोबाइटची मजकुराची ओळ असते आणि स्वतःहून काही करू शकत नाही. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला की आपल्या हातात नंबराची चिठ्ठी येते, आजाराची सगळी हकिकत मात्र दवाखान्याच्या फायलीत असते. पुढच्या खेपेला चिठ्ठी दाखवली की फाइल निघते. बहुतेक कुकीज अशाच असतात. तुमच्या मोबाइलमध्ये फक्त एक लांबलचक क्रमांक असतो, तुमची माहिती तिकडे सर्व्हरवर. म्हणूनच कुकी पुसली तरी सर्व्हरवरची माहिती पुसली जात नाही, फक्त दुवा तुटतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर संगणकावर क्रोममध्ये कुठलंही संकेतस्थळ उघडा आणि एफ-१२ ही कळ दाबा. बाजूला एक खिडकी उघडते. तिच्यात वर ‘अ‍ॅप्लिकेशन’ असा टॅब आहे. दिसला नाही तर दोन बाणांच्या खुणेखाली लपलेला असतो. त्यात डावीकडे ‘कुकीज’वर टिचकी मारली की तक्ता येतो: नाव, मूल्य, डोमेन, मुदत, आकार. पुष्कळ सरकारी पोर्टलवर ‘जेसेशनआयडी’ किंवा ‘पीएचपीसेसआयडी’ अशा नावाची ओळ सापडेल. तुम्ही लॉगिन केलंय हे सर्व्हरला या ओळीवरून कळतं. तिच्या मुदतीच्या रकान्यात तारखेऐवजी ‘सेशन’ लिहिलेलं असतं, म्हणजे ब्राउझर पूर्ण बंद झाला की ती जायची. फॉर्म भरता भरता चहा प्यायला उठलात आणि परत आल्यावर ‘सेशन एक्सपायर्ड’ दिसलं, तर त्याच क्रमांकाची मुदत सर्व्हरने संपवलेली असते. त्यात तुमच्या नेटचा दोष नसतो.

त्याच तक्त्यात अंडरस्कोर (खालची रेघ) आणि पुढे ‘जीए’ अशा नावाची ओळही बऱ्याच ठिकाणी दिसते. ती गूगल अ‍ॅनालिटिक्सची. संकेतस्थळावर किती जण आले, कुठून आले, हे मोजण्यासाठी. तिच्या मुदतीत पुढच्या वर्षातली तारीख असते. क्रोम कुठल्याही कुकीला ४०० दिवसांहून जास्त आयुष्य देत नाही, पण तुम्ही पुन्हा त्या ठिकाणी गेलात की संकेतस्थळ मुदत वाढवून घेऊ शकतं.

स्वतःची आणि परकी

आता सगळ्यात महत्त्वाचा फरक. अ‍ॅड्रेस बारमध्ये ज्या संकेतस्थळाचं नाव आहे त्याने ठेवलेली कुकी ती फर्स्ट-पार्टी. त्याच पानावर बसवलेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी चौकटीतून, जाहिरातीतून किंवा डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पिक्सेलच्या चित्रातून आलेली कुकी ती थर्ड-पार्टी, म्हणजे परकी.

ही परकी कुकी मागावर कशी राहते ते पाहा. तुम्ही एका ऑनलाइन दुकानात प्रेशर कुकरची किंमत बघता. त्या पानावर एका जाहिरात कंपनीचा तुकडा बसवलेला आहे. तो तुमच्या ब्राउझरमध्ये स्वतःचा क्रमांक ठेवतो. मग तुम्ही बातम्यांच्या संकेतस्थळावर जाता. तिथेही त्याच कंपनीची जाहिरातीची चौकट आहे, म्हणून ब्राउझर तोच क्रमांक तिला दाखवतो आणि तुम्ही कुठलं पान वाचताय हेही सांगतो. संध्याकाळी गुडघेदुखीवर काहीतरी शोधता, तिथेही तीच कंपनी. तुम्ही या कंपनीच्या दारात कधीच गेलेला नसता, तरी अमुक क्रमांकाच्या माणसाला कुकर हवाय, त्याचे गुडघे दुखतात आणि तो रात्री अकराला बातम्या वाचतो, एवढं तिच्याकडे जमा झालेलं असतं. नाव माहीत नसेलही, पण त्याच कंपनीच्या एखाद्या सेवेत तुम्ही लॉगिन केलेलं असेल तर नावही जोडलं जाऊ शकतं.

कुकरची जाहिरात चार दिवस मागे लागली तर फारसं बिघडत नाही. आजारपण, कर्ज, धर्म, मुलांच्या शाळा यांबद्दलचा शोध असा गोळा होणं मात्र मला मुळीच मान्य नाही, आणि कोणालाच असू नये.

ब्राउझर बनवणाऱ्यांनी यावर वेगवेगळ्या भूमिका घेतल्या. अ‍ॅपलच्या सफारीने मार्च २०२० पासून परक्या कुकीज सरसकट अडवल्या. फायरफॉक्सने २०१९ मध्ये माग काढणाऱ्या ओळखीच्या कंपन्यांच्या कुकीज अडवायला सुरुवात केली आणि २०२२ मध्ये प्रत्येक संकेतस्थळासाठी परक्या कुकीज वेगळ्या ठेवण्याची सोय सगळ्यांना आपोआप दिली. त्यामुळे एका ठिकाणी ठेवलेला क्रमांक दुसऱ्या ठिकाणी दिसतच नाही. क्रोमचं तसं झालं नाही. गूगलने जानेवारी २०२० मध्ये, दोन वर्षांत परक्या कुकीज बंद करू, असं जाहीर केलं. मुदत पुन्हा पुन्हा पुढे गेली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड फोन आणि त्यात क्रोम. म्हणून हे काम आपल्यालाच हाताने करावं लागतं.

हात लावण्याआधी

कुकीज पुसल्या की लॉगिन जातं. त्यामुळे आधी पासवर्डची खात्री करून घ्या. ईमेलचा पासवर्ड आठवतोय का? खात्याला जोडलेला मोबाइल नंबर अजून चालू आहे का, की जुनं सिम कधीच बंद झालं? घरातल्या मोठ्यांच्या फोनवर काम करत असाल तर हे दुप्पट काळजीने बघा, कारण त्यांची खाती बऱ्याचदा कोणीतरी भाच्याने दहा वर्षांपूर्वी उघडून दिलेली असतात आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो. अशा फोनवर ‘सगळं पुसा’ हे बटण दाबूच नका. नुसत्या परक्या कुकीज अडवल्याने सहसा कुठलं लॉगिन जात नाही, तेवढं निर्धास्त करता येतं.

अँड्रॉइडवरचं क्रोम

क्रोम उघडा. उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर दाबा आणि ‘सेटिंग्ज’मध्ये जा. खाली सरकत ‘साइट सेटिंग्ज’ शोधा, त्यात ‘थर्ड-पार्टी कुकीज’. काही आवृत्त्यांमध्ये हीच ओळ ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली असते. आत गेलात की परक्या कुकीज फक्त इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे क्रोमच्या खाजगी खिडकीत, अडवायच्या की कायमच्या, असा पर्याय येतो. ‘ब्लॉक थर्ड-पार्टी कुकीज’ निवडा आणि मागे या. ‘सेव्ह’ वगैरे काही दाबावं लागत नाही.

फोन मराठीत ठेवला असेल तर हीच नावं मराठीत दिसतील, क्रम तोच.

तिथेच जवळपास ‘डू नॉट ट्रॅक’ नावाचं एक बटण दिसेल. ते सुरू केलं तर ब्राउझर संकेतस्थळाला ‘माझा माग काढू नका’ अशी विनंती पाठवतो. विनंती पाळायचं बंधन कोणावर नाही, आणि बहुतेक जण पाळतही नाहीत. फायरफॉक्सने तर २०२५ मध्ये हे बटण काढूनच टाकलं. त्याच्या भरवशावर राहू नका.

आता एकाच संकेतस्थळाचा साठा कसा पुसायचा. ते संकेतस्थळ उघडा, अ‍ॅड्रेस बारच्या डाव्या टोकाला जी छोटी खूण असते ती दाबा, ‘कुकीज अँड साइट डेटा’मध्ये जा आणि तिथला कचऱ्याचा डबा दाबा. दुसरा रस्ता: ‘साइट सेटिंग्ज’मध्ये ‘ऑल साइट्स’. ही यादी एकदा तरी निवांत बघाच. आयुष्यात एकदाच उघडलेली, नावही न आठवणारी शेकडो संकेतस्थळं तिथे जागा अडवून बसलेली असतात. ती एकेक करून काढता येतात आणि बँकेचं, ईमेलचं लॉगिन जागेवर राहतं.

संगणकावरचं क्रोम आणि एज

तीन ठिपके, ‘सेटिंग्ज’, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘थर्ड-पार्टी कुकीज’, आणि तोच पर्याय. याच पानावर खाली एक यादी असते: परक्या कुकीज वापरायची परवानगी असलेली संकेतस्थळं. तिची गरज पुढे पडेल, जागा लक्षात ठेवा.

संगणक घरात चार जण वापरत असतील तर आणखी एक सोय कामाची आहे. ‘साइट सेटिंग्ज’मध्ये तळाशी ‘अ‍ॅडिशनल कंटेंट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘ऑन-डिव्हाइस साइट डेटा’. सगळ्या खिडक्या बंद केल्या की साठवलेला डेटा आपोआप पुसायचा, असा पर्याय तिथे आहे. त्याखालचा, डेटा साठवूच न देण्याचा पर्याय मात्र निवडू नका. त्याने फर्स्ट-पार्टी कुकीजही बंद होतात आणि लॉगिन करणंच अशक्य होऊन बसतं. ‘कुकीज बंद केल्यापासून काहीच चालत नाही’ अशी तक्रार ऐकू आली की मी आधी हीच जागा तपासते.

मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये ‘सेटिंग्ज’खाली ‘प्रायव्हसी, सर्च अँड सर्व्हिसेस’ आहे. तिथे ‘ट्रॅकिंग प्रिव्हेन्शन’च्या तीन पातळ्या: बेसिक, बॅलन्स्ड, स्ट्रिक्ट. सुरुवातीला बॅलन्स्ड असते. शिवाय कुकीजच्या विभागात परक्या कुकीज अडवण्याचं वेगळं बटण आहे, ते सुरू करा.

आयफोन, फायरफॉक्स

आयफोनवर सफारीची सेटिंग्ज सफारीत नसतात, फोनच्या ‘सेटिंग्ज’मध्ये असतात. आयओएस १८ पासून ती ‘अ‍ॅप्स’ या विभागाच्या आत गेली आहेत. तिथे सफारी उघडून ‘प्रिव्हेंट क्रॉस-साइट ट्रॅकिंग’ सुरू आहे का पाहा. ते मुळातच सुरू असतं, कोणी बंद केलं नसेल तर. सगळ्यात खाली ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘वेबसाइट डेटा’ आहे, तिथून एकेक संकेतस्थळ डावीकडे सरकवून पुसता येतं. जवळच ‘ब्लॉक ऑल कुकीज’ असेल, त्याला हात लावू नका.

फायरफॉक्समध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली स्टँडर्ड, स्ट्रिक्ट आणि कस्टम अशा पातळ्या आहेत. स्टँडर्ड चांगलं आहे. स्ट्रिक्टवर कधी कधी पान अर्धवट दिसतं; तेव्हा अ‍ॅड्रेस बारमधल्या ढालीच्या खुणेवर दाबून तेवढ्या ठिकाणापुरतं संरक्षण बंद करता येतं.

अडवल्यावर काही बिघडलं तर

परक्या कुकीज अडवल्यावर रोजच्या वापरात बहुधा काही जाणवत नाही. जिथे एका संकेतस्थळाच्या पोटात दुसरं संकेतस्थळ बसवलेलं असतं तिथे अडचण येऊ शकते. कॉलेजच्या पोर्टलमध्ये दुसऱ्या कंपनीचे व्हिडिओ धडे, बाहेरच्या सेवेचं प्रतिक्रियांचं खोकं, ऑफिसच्या पोर्टलमध्ये उघडणारा दुसऱ्या कंपनीचा दस्तऐवज, अशी ही ठिकाणं. लक्षण ठरलेलं: लॉगिन केलं तरी चौकट पुन्हा लॉगिनच मागते, किंवा नुसतीच पांढरी राहते.

उपाय परक्या कुकीज सगळ्यांसाठी सुरू करणं हा नाही. अ‍ॅड्रेस बारच्या डाव्या खुणेतून त्या एका संकेतस्थळापुरतं परक्या कुकीजचं बटण सुरू करा, किंवा संगणकावर मघाच्या परवानगीच्या यादीत त्याचं नाव घाला आणि पान पुन्हा उघडा. पैसे भरताना पान बँकेच्या किंवा पेमेंट कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावर जात असेल, म्हणजे अ‍ॅड्रेस बारमधलं नाव बदलत असेल, तर तिथे कुकीज अडवल्याचा प्रश्न येत नाही, कारण त्या क्षणी ते संकेतस्थळ फर्स्ट-पार्टीच असतं. पैसे अडकले तर कारण दुसरीकडे शोधा.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लिंक किंवा इन्स्टाग्राममधली जाहिरात उघडल्यावर, क्रोममध्ये लॉगिन असूनही पुन्हा पासवर्ड मागितला जातो, हा अनुभवही पुष्कळांना येतो. काही अ‍ॅप लिंक स्वतःच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडतात आणि त्या ब्राउझरच्या कुकीज वेगळ्या असतात. तुम्ही क्रोममध्ये केलेली सेटिंग्ज तिथे लागू होत नाहीत. तीन ठिपक्यांतून ‘ओपन इन ब्राउझर’ किंवा ‘ओपन इन क्रोम’ निवडायची सवय लावून घ्या. विशेषतः पैसे द्यायचे असतील तर आतल्या ब्राउझरमध्ये कार्डाचा नंबर टाकूच नका.

आणि एक गैरसमज: कुकीज पुसल्याने फोनचा वेग वाढत नाही. जागा अडते ती कॅशमुळे, म्हणजे पान लवकर उघडावं म्हणून साठवलेल्या चित्रांमुळे. ‘डिलीट ब्राउझिंग डेटा’मध्ये इतिहास, कुकीज आणि कॅश अशा तीन वेगळ्या खुणा असतात. जागा हवी असेल तर फक्त कॅशवर खूण ठेवा. तिथे कालावधीही निवडता येतो. आज दुपारपासूनच काही गडबड सुरू झाली असेल तर शेवटच्या एका तासाचा किंवा २४ तासांचा डेटा पुसून बघा, ‘ऑल टाइम’ला लगेच जाऊ नका.

पट्टीला काय उत्तर द्यायचं

या पट्ट्या मुख्यतः युरोपच्या कायद्यामुळे आल्या. तिथे २००९ मध्ये सुधारलेल्या ई-प्रायव्हसी निर्देशानुसार, गरजेपलीकडच्या कुकीज ठेवण्याआधी संमती घ्यावी लागते, आणि मे २०१८ मध्ये जीडीपीआर हा युरोपचा डेटा संरक्षण कायदा लागू झाल्यावर संमतीचे निकष कडक झाले. आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असं युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये स्पष्ट केलं. फ्रान्सच्या नियामकाने तर स्वीकारायला एक टिचकी आणि नाकारायला अनेक, अशा रचनेबद्दल गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड केला. त्यामुळे जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना ‘रिजेक्ट ऑल’ हे बटण पुष्कळदा पहिल्याच पट्टीवर दिसतं, आणि तेच संकेतस्थळ पुण्यातून उघडलं तर कधी पट्टीच दिसत नाही.

भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायद्यात कुकी हा शब्द नाही, पण कुकीतून वैयक्तिक डेटा गोळा होत असेल तर त्याचे संमतीचे नियम तिलाही लागू पडतात. त्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. संमती मागताना दिली जाणारी सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी, म्हणजे मराठीत आणि कोकणीतही. संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं हवं. आणि १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. मुलांच्या अभ्यासाची संकेतस्थळं निवडताना पालकांनी याबद्दल जरूर विचारावं.

प्रत्यक्षात पट्टी समोर आली की असं करा. ‘रिजेक्ट ऑल’ किंवा ‘ओन्ली नेसेसरी’ दिसलं तर तेच दाबा. लॉगिन, खरेदीची टोपली, भाषेची निवड यांना त्याने धक्का लागत नाही. ते दिसत नसेल तर ‘मॅनेज प्रेफरन्सेस’मध्ये जा, ‘मार्केटिंग’ आणि ‘टार्गेटिंग’ बंद करा. तिथेच ‘लेजिटिमेट इंटरेस्ट’ अशा नावाचा वेगळा भाग असतो, त्यात बटणं आधीच सुरू करून ठेवलेली असतात. तीही बंद करा. मग ‘सेव्ह’. हे सगळं करायला वेळ नसेल आणि घाईत ‘अ‍ॅक्सेप्ट ऑल’ दाबलं गेलं, तरी वरचं सेटिंग केलेलं असेल तर ब्राउझर परक्या कुकीज अडवतोच. म्हणून सेटिंग आधी, पट्टी नंतर.

तशीच दिसणारी, पण वेगळी खिडकी

कुकीजची पट्टी बहुधा खालून येते. वरून किंवा मधोमध येणारी ‘हे संकेतस्थळ तुम्हाला सूचना पाठवू इच्छिते’ अशी छोटी खिडकी वेगळी असते आणि तिथे सवयीने ‘अलाउ’ दाबलं जातं. मग फोनवर ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’, ‘तुम्हाला बक्षीस लागलंय’ असे संदेश दिवसभर येत राहतात. फोन हॅक झाला म्हणून माणसं घाबरतात, दुकानात जाऊन फॉरमॅट करून आणतात. घाबरू नका. क्रोमच्या ‘साइट सेटिंग्ज’मध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडा. परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची यादी दिसेल. अनोळखी नावांची परवानगी काढून टाका. आणि वरचं मुख्य बटण बंद केलं तर यापुढे कोणी विचारणारही नाही. वडीलधाऱ्यांच्या फोनवर कुकीजच्या सेटिंगइतकंच हेही करून द्या.

केंद्रावरचा संगणक

शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, सातबारा यांसाठी आपण महा ई-सेवा केंद्रात किंवा सायबर कॅफेत जातो आणि तिथल्या संगणकावर आपलं लॉगिन उघडतो. काम झालं की खिडकी बंद करून उठतो. इथे धोका आहे. मागच्याने पुढच्यासाठी लॉगिन उघडं ठेवावं असा प्रकार होतो, कारण खिडकी बंद केल्याने सेशनची कुकी जाईलच असं नाही. ब्राउझर मागे चालू असेल, किंवा बंद केलेली पानं पुन्हा उघडायचं सेटिंग असेल, तर ती टिकून राहते.

तिथे इन्कॉग्निटो खिडकीत काम करायला सांगा, ‘रिमेंबर मी’वर खूण करू नका, पासवर्ड साठवायचा का असं विचारलं तर नकार द्या, आणि उठण्याआधी आधी लॉगआउट, मग इन्कॉग्निटोच्या सगळ्या खिडक्या बंद. लॉगआउटने सर्व्हरवरचा तो क्रमांकच रद्द होणं अपेक्षित असतं, म्हणून ते सगळ्यात मोलाचं. घरी आल्यावर शंका आली तर गूगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’ पानावर ‘युअर डिव्हायसेस’मध्ये जाऊन तिथलं लॉगिन दुरूनही बंद करता येतं.

लॉगिनची कुकी दुसऱ्याच्या हाती लागली तर पासवर्डची गरजच उरत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. २०१० मध्ये एरिक बटलर या प्रोग्रॅमरने ‘फायरशीप’ नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, प्रसिद्ध केलं. उघड्या वायफायवर शेजारच्या माणसाची कुकी पकडून त्याच्या खात्यात शिरणं किती सोपं आहे हे त्याने जगाला दाखवलं. आज पत्त्यात एचटीटीपीएस असल्यामुळे, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात जात असल्यामुळे, वाटेतली चोरी अवघड झाली आहे, पण संगणकात शिरलेलं मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) कुकीजची फाइलच उचलून नेतं. यूट्यूबवर चॅनेल चालवणाऱ्यांना जाहिरातीच्या कराराच्या नावाखाली फाइल पाठवून अशीच खाती पळवल्याचं गूगलने २०२१ मध्ये सांगितलं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन असूनही खाती गेली, कारण लॉगिन आधीच झालेलं होतं. फुकटचं चोरीचं सॉफ्टवेअर, ओळख नसलेल्याने पाठवलेली झिप फाइल, कुठलंही एक्स्टेन्शन, यांपासून दूर राहण्याचं हे ठोस कारण. आणि अशी फाइल उघडली गेलीच, तर दुसऱ्या स्वच्छ फोनवरून आधी सगळ्या उपकरणांवरचं लॉगिन बंद करा, मग पासवर्ड बदला.

कुकीजपलीकडे

इन्कॉग्निटो म्हणजे अदृश्य होणं नव्हे. खिडकी बंद केली की त्या बैठकीच्या कुकीज आणि इतिहास तुमच्या फोनवरून जातो, एवढंच. नेट पुरवणारी कंपनी, ऑफिसचं नेटवर्क आणि स्वतः संकेतस्थळ यांना भेट दिसतेच. याच मुद्द्यावर गूगलवर अमेरिकेत खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत खाजगी बैठकांशी निगडित नोंदी नष्ट करायचं कंपनीने मान्य केलं.

परक्या कुकीज अडवल्यावरही काही माग राहतोच. अ‍ॅनालिटिक्सच्या मघाच्या कुकीज फर्स्ट-पार्टी असल्याने चालू राहतात. स्क्रीनचा आकार, फॉन्ट, फोनचं मॉडेल अशा बारीकसारीक गोष्टी जोडून ओळख पटवण्याची फिंगरप्रिंटिंगची पद्धतही आहे, आणि तिला कुकी लागत नाही. त्यावर फायरफॉक्स, सफारी आणि ब्रेव्ह हे ब्राउझर क्रोमपेक्षा जास्त संरक्षण देतात. ज्यांना जमेल त्यांनी आजारपण, कायदा, पैसा यांबद्दलच्या वाचनासाठी त्यांतला एखादा वेगळा ब्राउझर ठेवावा आणि त्यात कुठेही लॉगिन करू नये.

शिवाय आपला बराच वेळ ब्राउझरमध्ये जातच नाही, अ‍ॅपमध्ये जातो, आणि तिथे कुकीऐवजी फोनचा जाहिरात आयडी वापरला जातो. अँड्रॉइडवर फोनच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘गूगल’, त्यात ‘अ‍ॅड्स’, आणि तिथे ‘डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी’. काही फोनमध्ये हा रस्ता ‘प्रायव्हसी’खालून जातो. आयफोनवर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘ट्रॅकिंग’ उघडून अ‍ॅपना विचारण्याचीच परवानगी बंद करा. जाहिराती तरीही येतील, फक्त त्या तुमच्या कालच्या शोधावर बेतलेल्या असण्याची शक्यता कमी होईल. क्रोमचं सेटिंग केलंत की त्याच बैठकीत हेही उरकून घ्या.